मुरूम : वयाचा भाग, तरीही उपचार करण्याजोगा आजार



जमाखर्चाच्या पानांबरोबर दरवर्षी एखाद्या आजाराची माहिती सोप्या भाषेत द्यावी, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. क्षयरोग, सिकलसेल, सर्पदंश, कुपोषण हे विषय चंद्रपूर-गडचिरोली भागाच्या जीवनाशी इतके निगडित आहेत की त्यांची निवड करताना फारसा विचार करावा लागत नाही. यंदा मुरूम हा विषय घेण्याचे ठरले, तेव्हा आमच्यातील काहींनी आश्चर्य व्यक्त केले. ज्या रुग्णालयात सर्पदंशाचा रुग्ण मध्यरात्री दाखल होतो, तेथे तोंडावरच्या फोडांसाठी अहवालाची पाने कशाला खर्ची घालावीत, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका मुलीच्या हकिकतीने देणे आम्हांस योग्य वाटते. तिचे नाव व गाव अर्थातच येथे दिलेले नाही.

आमच्या हातून झालेली चूक

ही मुलगी प्रथम आली ती स्वतःसाठी नव्हे. आईला मधुमेहाच्या तपासणीसाठी घेऊन ती बाह्यरुग्ण विभागात आली होती. वय पंधरा. तपासणी आटोपून उठता उठता आईने विचारले, "डॉक्टरसाहेब, हिच्या तोंडावरच्या फोडांसाठी काही देता का?" बाहेर रांग मोठी होती. आम्ही हसून म्हणालो, "वयाचं आहे, आपोआप जाईल." मायलेकी काही न बोलता निघून गेल्या.

सव्वा वर्षाने तीच मुलगी परत आली. भर उन्हाळ्यातही तोंडाभोवतीचा दुपट्टा तिने खोलीत येईपर्यंत सोडला नव्हता. दोन्ही गाल लालभडक, त्वचा कागदासारखी पातळ, त्यावर एकाच आकाराच्या पुटकुळ्यांचा सडा आणि हनुवटीवर बारीक लव. चूल पेटवली की चेहऱ्याची आग होते, असे ती सांगत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाला ती गेली नव्हती. पुढे शाळेतही अधूनमधून जाईनाशी झाली. पिशवीतून तिने एक अर्धी संपलेली ट्यूब काढली. गजकर्णासाठी म्हणून विकले जाणारे ते मलम शेजारणीच्या सांगण्यावरून दुकानातून आणलेले होते. पहिल्या आठवड्यात फोड बसले, रंगही उजळला, म्हणून ते वर्षभर चालू राहिले.

दोष केवळ शेजारणीचा किंवा दुकानदाराचा मानून आम्हांस मोकळे होता येत नाही. पहिल्या भेटीत पाच मिनिटे देऊन एक साधे मलम लिहून दिले असते, तर त्या मुलीला दुकानाची पायरी चढावी लागली नसती. "आपोआप जाईल" हे आमचे वाक्यच तिला त्या ट्यूबपर्यंत घेऊन गेले. हा लेख लिहिण्यामागचे खरे कारण हे आहे.

मुरूम म्हणजे काय?

मुरूम हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी रूढ आहे : रस्त्यावर पसरतात तो आणि चेहऱ्यावर येतो तो. दुसऱ्यास ग्रंथांत तारुण्यपिटिका म्हणतात. हा आजार नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये त्याचे वर्णन मुखदूषिका या नावाने आलेले असून तरुणांच्या चेहऱ्यावरील या पुटकुळ्यांना शाल्मलीच्या काट्यांची उपमा दिलेली आहे. शाल्मली म्हणजे आपल्या जंगलातील काटेसावर. तिच्या खोडावरचे रुंद बुडाचे, टोकदार काटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही उपमा किती नेमकी आहे हे सांगावयास नको.

आपल्या त्वचेवर असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांना रोमकूप म्हणतात. प्रत्येक रोमकूपात एक केस आणि त्याला लागून तेल तयार करणारी एक लहान ग्रंथी असते. चेहरा, छाती व पाठ या भागांत या ग्रंथी मोठ्या व संख्येने अधिक असल्यामुळे मुरूमही तेथेच येतात. मुरूम तयार होताना चार गोष्टी घडतात.

पहिली गोष्ट म्हणजे तेलाचे प्रमाण वाढणे. वयात येताना मुलगे व मुली या दोघांच्याही शरीरात पुरुषी संप्रेरके वाढतात आणि तेलग्रंथी अधिक काम करू लागतात. दुसरी, रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा थर साचून बूच बसणे. हे बूच झाकलेले असेल तर पांढरा कण दिसतो आणि उघडे असेल तर काळा. काळा कण मळामुळे काळा नसतो. त्वचेतील रंगद्रव्य आणि हवेशी संयोग झालेले तेल यांमुळे त्याला तो रंग येतो. तिसरी, कोंडलेल्या तेलात जिवाणूंची वाढ होणे. हा जिवाणू आपणा सर्वांच्याच त्वचेवर वास करतो. पूर्वी त्याला प्रोपिओनीबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणत. २०१६ साली त्याचे नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस असे झाले. चौथी, या साऱ्याला शरीराने दिलेला प्रतिसाद, म्हणजेच दाह. त्यामुळे लाली, सूज व पू होतो. दाह खोलवर गेला तर गाठी होतात आणि त्या बसताना कायमचे खड्डे मागे राहतात.

जगभरात १२ ते २४ या वयोगटातील सुमारे ८५ टक्के तरुण-तरुणींना कमी-अधिक प्रमाणात मुरूम येतात. इतक्या सर्वसामान्य गोष्टीला आजार का म्हणावे, असे कोणी विचारील. बहुतेकांचे मुरूम सौम्य असतात व काही वर्षांनी कमी होतात, हे खरे आहे. परंतु कोणाचे मुरूम सौम्य राहतील आणि कोणाच्या गालावर आयुष्यभराचे व्रण उठतील, हे आरंभी निश्चितपणे सांगता येत नाही. शिवाय आपल्या सावळ्या त्वचेत लहानसा मुरूमही बसताना काळा डाग ठेवून जातो आणि तो जाण्यास कित्येक महिने लागतात. म्हणून वाट पाहत बसण्यापेक्षा लवकर व सौम्य उपचार करणे शहाणपणाचे ठरते.

काही रूढ समजुती

"पोट साफ नाही म्हणून", "रक्त खराब आहे म्हणून", "तोंड नीट धूत नाही म्हणून" ही वाक्ये आम्ही नित्य ऐकतो. यांपैकी कशालाही आधार नाही. मुरूम हा मळाचा रोग नाही. साबण लावून दिवसातून पाच-सहा वेळा तोंड घासल्याने, लिंबू चोळल्याने किंवा टूथपेस्ट लावल्याने त्वचा सोलवटते आणि दाह वाढतो. सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने हलक्या हाताने तोंड धुणे पुरेसे आहे. मुरूम एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत. तेव्हा वसतिगृहात एखाद्या मुलीची बादली वेगळी ठेवण्याचे कारण नाही. मुलांच्या चारित्र्याशी किंवा मनातील विचारांशी त्यांचा संबंध जोडणे तर सर्वस्वी अन्यायाचे आहे. लग्न झाले की मुरूम जातात, हाही भ्रम आहे. पंचविशी-तिशीतील अनेक विवाहित स्त्रिया मुरमांसाठी आमच्याकडे येतात.

आहाराविषयी थोडे सावधपणे बोलावे लागते. तेलकट खाल्ल्याने चेहऱ्यावर तेल येते, हे सिद्ध झालेले नाही. मात्र साखर, मैदा, गोड शीतपेये असे रक्तातील साखर झपाट्याने वाढविणारे पदार्थ आणि काहींच्या बाबतीत दूध यांमुळे मुरूम वाढतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पापुआ न्यू गिनीतील कितावा बेटावरचे १,२०० रहिवासी आणि पॅराग्वेच्या जंगलातील आचे जमातीचे ११५ जण तपासण्यात आले. त्यांपैकी एकालाही मुरूम आढळले नाहीत. त्यांच्या आहारात कंदमुळे, फळे, मासे, शिकार असे पदार्थ होते. त्यांची आनुवंशिकता व एकंदर राहणीही वेगळी असल्याने केवळ अन्नालाच श्रेय देता येत नाही. तरीही बिस्किटांचे पुडे व शीतपेये आता आपल्या दुर्गम पाड्यांतील दुकानांतही पोहोचली असताना घरची भाकरी, डाळ व रानभाज्या यांचे मोल नव्याने सांगण्यास हरकत नसावी.

आपल्या भागातील काही कारणे

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. घामाने रोमकूपांची तोंडे फुगतात आणि मुरूम चिघळतात. कोळसा खाणींत व कारखान्यांत काम करणाऱ्या तरुणांच्या कपाळावर शिरस्त्राणाच्या कडेने आणि हनुवटीवर त्याच्या पट्ट्याखाली मुरमांची रांग दिसते. सततचा दाब, घर्षण व घाम यांमुळे ती येते. वाहनदुरुस्ती करणाऱ्यांच्या हातांवर व मांड्यांवर यंत्रतेलाने भिजलेल्या कपड्यांमुळे अशाच पुटकुळ्या उठतात. कामावरून आल्याबरोबर अंघोळ, पट्ट्याखाली स्वच्छ सुती कापड आणि तेलकट कपडे रोज बदलणे एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

केसांना चोपडून तेल लावण्याची आपली सवय जुनी आहे. ते तेल कपाळावर उतरले की तेथे बारीक कणांचे मुरूम येतात. तेल सोडण्याची गरज नाही. ते बेताने लावावे, कपाळापासून दूर ठेवावे आणि चेहऱ्याला लावू नये. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या काही मुलांच्या छाती-पाठीवर एकाएकी मोठे मुरूम उठतात. शरीर कमावण्यासाठी घेतलेली इंजेक्शने किंवा गोळ्या हे त्याचे एक कारण असू शकते. अशा वेळी मुलाला न रागावता विश्वासात घेऊन विचारावे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, ओठांवर किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, वजन वाढत असेल, तर बीजांडकोशाशी निगडित संप्रेरकांचा विकार असण्याची शक्यता असते. तेथे केवळ मलम पुरेसे होत नाही. तपासणी करून घ्यावी लागते.

दुकानातील ट्यूब

आता त्या ट्यूबकडे वळू. तिच्यात होते ते स्टेरॉइड. हे औषध वाईट नाही. इसब, सोरायसिस अशा विकारांत योग्य जागी, योग्य मुदतीपर्यंत आम्हीही ते देतो. चेहऱ्याच्या नाजूक त्वचेवर ते दीर्घकाळ लावले की गोष्ट बदलते. स्टेरॉइड दाह दडपून टाकते, म्हणून पहिल्या काही दिवसांत फोड बसतात आणि रंग उजळल्याचा भास होतो. त्याच वेळी त्वचा आतून पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. मलम थांबविले की आग व लाली उसळते आणि रुग्ण घाबरून पुन्हा तेच लावतो. व्यसनासारखे हे चक्र सुरू राहते.

हा प्रश्न केवळ आपल्या भागापुरता नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, देशातील १२ केंद्रांवर केलेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकारांचे २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिक लोकांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सुरू केलेले होते आणि दुष्परिणामांत मुरूम हाच सर्वाधिक आढळला. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. २०१८ साली केंद्र शासनाने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकण्यास मनाई झाली. कायदा झाला तरी ट्यूब हातोहात फिरतेच. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे की घरातील प्रत्येक ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचावीत. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते मलम डॉक्टरांना विचारल्यावाचून चेहऱ्याला लावू नये. आधीच कित्येक महिने लावत असल्यास आपल्या मनाने थांबवू नये. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे यावे, म्हणजे आग कमीत कमी होईल अशा रीतीने ते सोडविता येते.

यापेक्षाही गंभीर धोका गोरे करणाऱ्या निनावी क्रीमचा आहे. अकोल्यातील एकाच कुटुंबातील तीन स्त्रियांना असे क्रीम वापरल्यानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा छडा लागला आणि क्रीममध्ये पारा असल्याचे निष्पन्न झाले. २०२३ च्या आरंभी वृत्तपत्रांतून ही हकिकत प्रसिद्ध झाली. पारा त्वचेतून शरीरात शिरतो व मूत्रपिंडांना इजा करतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता आंतरराष्ट्रीय करारातील सदस्य राष्ट्रांनी पारायुक्त सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करण्याचा निर्णय २०२३ साली घेतला. तरीही घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता व परवाना क्रमांक नसलेली डबी कोणीही कितीही आपुलकीने दिली तरी घेऊ नये. असे क्रीम वापरणाऱ्या व्यक्तीच्या चेहऱ्यावर वा पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर विनाविलंब तपासणी करावी.

प्रत्येक फोड मुरूम नसतो

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे कुष्ठरोगाचे प्रमाण अधिक असणाऱ्या जिल्ह्यांत मोडतात. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, त्याला ही पार्श्वभूमी आहे. आज हा रोग विनामूल्य मिळणाऱ्या बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, पण तो वेळेवर ओळखावा लागतो. त्याच्या एका प्रकारात चेहऱ्यावर गाठी येतात आणि त्या मुरूम समजून दुर्लक्षिल्या जातात. कानाच्या पाळ्या जाड होणे, भुवया बाहेरच्या बाजूने विरळ होणे, चेहरा तुकतुकीत दिसणे, अंगावर बधिर चट्टा असणे, हातापायांना मुंग्या येणे, यांपैकी काहीही आढळल्यास लगेच दाखवावे. मुरमांत काळे-पांढरे कण दिसतात, कुष्ठरोगाच्या गाठींत ते नसतात, ही एक सोपी खूण आहे.

पावसाळ्याच्या तोंडाशी कपाळावर, छातीवर व पाठीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या आल्या, तर त्या बहुधा बुरशीच्या असतात. त्यांना मुरमांची प्रतिजैविके देऊन उपयोग होत नाही, उलट त्या वाढतात. मुरूम सहसा खाजत नाहीत, हे लक्षात असावे.

उपचार

मुरमांवरील औषधे चार प्रकारची आहेत आणि त्यांतील पहिली दोन साधी, जेनेरिक स्वरूपात मिळणारी व परवडणारी आहेत.

पहिले औषध बेन्झॉईल पेरॉक्साइड. ते जिवाणूंना मारते आणि जिवाणू त्याला सरावत नाहीत. २.५ टक्के शक्तीचे बहुतेकांना पुरते. ते सकाळी लावावे. त्याने कापडाचा रंग उडतो, म्हणून उशीचा अभ्रा व दुपट्टा जपावा.

दुसरे ॲडापॅलीन. ते रोमकूपांची बुचे मोकळी करते आणि नवी होऊ देत नाही. रात्री तोंड धुऊन, कोरडे करून, वाटाण्याच्या दाण्याएवढे मलम घ्यावे आणि केवळ फोडांवर न लावता मुरूम येणाऱ्या सबंध भागावर पातळ पसरावे. आरंभीचे दोन-तीन आठवडे त्वचा कोरडी होते, थोडी सोलते, क्वचित फोडही वाढल्यासारखे वाटतात. बहुतेक रुग्ण औषध येथेच सोडतात. प्रथम एक दिवसाआड लावावे, सोबत साधे, तेलकट नसलेले मॉइश्चरायझर वापरावे आणि उन्हात जाताना चेहरा झाकावा. गर्भवती स्त्रीने हे औषध वापरू नये. त्या काळात ॲझेलिक ॲसिडसारखी दुसरी मलमे देता येतात.

तिसरी प्रतिजैविके. पुवाचे व दाह असलेले मुरूम पुष्कळ असतील, तर डॉक्सिसायक्लिन दिले जाते. ते भरपूर पाण्यासह घ्यावे, घेऊन लगेच आडवे होऊ नये आणि उन्हापासून जपावे. गर्भवतींना ते देत नाहीत. साधारण तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ ते चालू ठेवू नये आणि सोबत बेन्झॉईल पेरॉक्साइड असावे. क्लिंडामायसिनचे मलमही एकटे वापरू नये. प्रतिजैविके एकटी व दीर्घकाळ दिली की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात आणि त्याची किंमत पुढे न्यूमोनियाच्या किंवा जखमेच्या रुग्णालाही मोजावी लागू शकते.

चौथे औषध आयसोट्रेटिनॉइन. अमेरिकेत १९८२ साली त्यास मान्यता मिळाली. गाठी होणाऱ्या व व्रण ठेवणाऱ्या तीव्र मुरमांवर याहून परिणामकारक औषध नाही. त्याचबरोबर गर्भाला गंभीर व्यंग निर्माण करणारे हे औषध आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी गर्भ नसल्याची खात्री करावी लागते आणि गोळ्या चालू असताना व थांबविल्यानंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळावी लागते. आपल्या भागात मुलीचे लग्न ठरले की ते महिन्या-दोन महिन्यांत उरकते. त्यामुळे गोळ्या चालू असताना सोयरीक जुळल्यास ती गोष्ट डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावी. यात संकोच करू नये. ही गोळी तज्ज्ञ डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असते. रक्ताच्या तपासण्याही कराव्या लागतात.

धीर हे पाचवे औषध

कोणतेही खरे औषध मुरमांवर आठवड्यात गुण देत नाही. फरक दिसू लागण्यास ८ ते १२ आठवडे लागतात. शेतकरी वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. धानाची रोवणी करून कोणी आठव्या दिवशी लोंबी शोधत नाही. आठवड्यात चेहरा उजळविणारे मलम म्हणजे बहुधा स्टेरॉइड, ही खूणगाठ मनाशी बांधावी. मुरूम बसल्यानंतरही रात्रीचे मलम काही महिने चालू ठेवावे लागते, कारण बुचे होण्याची प्रवृत्ती आतून चालूच असते. फोड पिळू नयेत. पू आत ढकलला जातो आणि खड्डा पडतो. पडलेले खड्डे कमी करण्याच्या प्रक्रिया मोठ्या शहरांत उपलब्ध आहेत, पण त्या खर्चिक असतात आणि त्यांनी त्वचा पूर्ववत होत नाही. खड्डा पडू न देणे हाच सर्वांत स्वस्त उपचार होय.

सिरोंचा, भामरागड, एटापल्लीकडील कुटुंबांना त्वचारोगतज्ज्ञ गाठण्यासाठी सबंध दिवस प्रवासात घालवावा लागतो, याची आम्हांस जाणीव आहे. सौम्य मुरमांचे पहिले दोन उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरही देऊ शकतात. शासनाच्या ई-संजीवनी दूरध्वनी व दृक्‌श्राव्य सेवेतूनही सल्ला मिळतो. गाठी, व्रण, पाळीची अनियमितता किंवा स्टेरॉइडचा पूर्वेतिहास असेल, तर मात्र तज्ज्ञांकडे जावेच.

वडीलधाऱ्यांस विनंती

मुरमांचे दुःख त्वचेपेक्षा मनाला अधिक असते. मुलगी आरशासमोर फार वेळ उभी राहते म्हणून तिला टोकले जाते, मुलाला मित्र नावे ठेवतात, पाहुण्यांसमोर चेहऱ्यावरून बोलले जाते. घरातील मुलगा वा मुलगी शाळा टाळू लागली, जेवण व बोलणे कमी झाले, जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलू लागली, तर ते थट्टेवारी नेऊ नये. आम्ही आता मुरमांच्या प्रत्येक रुग्णाला झोप, शाळा व मन यांविषयी विचारतो. आश्रमशाळांच्या अधीक्षिका व आशाताई यांनीही असा एखादा प्रश्न विचारावा, ही विनंती.

आणि आम्ही स्वतः एक नियम घालून घेतला आहे. "आपोआप जाईल" हे वाक्य बाह्यरुग्ण विभागात उच्चारायचे नाही. रांग कितीही मोठी असो, जो विचारील त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहायचे, काय लावता ते विचारायचे आणि चिठ्ठी लिहून द्यायची.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांस जाणून घ्यावेसे वाटेल. मलम सोडविल्यानंतरचे पहिले दीड-दोन महिने तिला फार जड गेले. आग होई, ती रडे, आई पुन्हा जुनी ट्यूब मागे. लाली उतरण्यास सहा महिने लागले. गालावरचे काही खड्डे तसेच राहिले आहेत आणि ते राहतील. ती पुन्हा नियमितपणे शाळेत जाऊ लागली. गेल्या वर्षी ती धाकट्या भावाला घेऊन आली. त्याच्या कपाळावर नुकतेच चार-पाच काळे कण उठले होते. "सर, उशीर नको म्हणून आणलं," एवढेच ती म्हणाली. त्या मुलाला आम्ही एक साधे मलम लिहून दिले. त्याला याहून अधिक कशाची गरज पडली नाही.

आपल्या देणग्यांतून उभ्या राहिलेल्या औषधालयात ते साधे मलम त्या दिवशी फळीवर होते, हे येथे कृतज्ञतापूर्वक नमूद करतो.